परदेशात दिवाळीचा किल्ला : माती कुठून आणता, आणि करतं कोण?

पर्वतीपायथा
यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. आमच्याकडे श्टुटगार्टला तोवर घड्याळं मागे गेलेली असतात, पाचच्या आत सूर्य मावळतो आणि एखाद्या सकाळी गवतावरचं दंव गोठून पांढरं झालेलं असतं. अशा हवेत लेकीबरोबर अंगणात किल्ला करायचा बेत आहे. ती आठ वर्षांची आहे आणि भारतातली दिवाळी तिने अजून पाहिलेली नाही.

आमच्या वाड्यात सहामाहीचा शेवटचा पेपर टाकून आलं की दप्तर भिरकावून थेट मागच्या अंगणात. थोरल्या पोरांनी विटा-दगड रचायचे, मधल्यांनी माती कालवायची आणि आम्ही लिंबूटिंबूंनी चाळणी धरायची. वाण्याकडून मागून आणलेलं तरट चिखलात बुचकळून रचलेल्या विटांवर टाकायचं. त्याला ज्या घड्या पडतील त्याच कडेकपारी. मग वरून बारीक चाळलेल्या मातीचा गिलावा. चित्रं, म्हणजे किल्ल्यावर मांडायच्या मातीच्या मूर्ती, आणायला कुंभारवेशीत जायचो. दरवर्षी नवे मावळे मिळायचे, महाराज मात्र जुनेच, कापसात गुंडाळून माळ्यावर ठेवलेले.

इथे मोठी अडचण मातीची. दुकानात पिशवीतून मिळते ती कुंड्यांसाठीची, भुसभुशीत आणि हलकी. मूठ आवळली तरी गोळा होत नाही, पाणी घातलं की वाहून जाते. तुम्ही माती कुठून आणता? थंडीत हळीव उगवतात का? आणि तिसरा प्रश्न मला जास्त सतावतो : मुलांना किती करू द्यायचं आणि आपण किती करायचं?

अजिंक्यतारा
फार जिव्हाळ्याचा धागा काढलात. साताऱ्याचं बालपण, आता मुक्काम डॅलस.

माती आमच्याकडे मुबलक आहे. इथली काळी जमीन म्हणजे आपल्या कापसाच्या काळ्या जमिनीची सख्खी बहीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराचा पाया हलू नये म्हणून लोक उन्हाळ्यात घराभोवती नळी टाकून जमिनीला पाणी देत बसतात. किल्ल्याला हीच माती नुसती वापरली तर लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बुरुजाला उभी चीर जाते. तीन भाग मातीला एक भाग वाळू आणि कात्रीने बारीक केलेलं वाळकं गवत घालायचं, मग धरते. आजोबा घर सारवताना भुसा घालायचे, त्यातलंच हे शास्त्र.

आणि टेक्सासवाल्यांनो, कुदळ मारण्याआधी लाल मुंग्यांचं वारूळ नाही ना एवढं बघा. पोरांना आधी बूट घाला.

मृण्मयी_ल
हळिवाचं उत्तर माझ्याकडे आहे!

युकेत हळीव शोधायला देशी दुकानात जावंच लागत नाही. इथे क्रेस म्हणून मिळतं ते हेच. शाळेत लहान मुलं अंड्याच्या रिकाम्या कवचावर डोळे-नाक रंगवतात, आत ओला कापूस ठेवून हे बी पेरतात आणि चार दिवसांत अंडोबाला हिरवे केस येतात. माझा मुलगा शाळेतून तसलं अंडं घेऊन आला तेव्हा मी त्याला स्वयंपाकघरातला हळिवाचा डबा उघडून दाखवला. माझ्या बाळंतपणात आईने ज्याचे लाडू केले होते ते हेच बी, हे कळल्यावर तो डब्यात नाक घालून किती वेळ बघत बसला. जर्मनीतही क्रेस सर्रास मिळेल.

थंडीत बाहेर पेरू नका. रुजतात, पण वाढ रखडते. युक्ती अशी : ताटात किचनपेपरची दुहेरी घडी ओली करून त्यावर दाट पेरा, खिडकीत ठेवा. बोटभर झाले की कागदासकट उचला, हवे तसे तुकडे फाडा आणि किल्ल्यावर चिकटवा. उभ्या कड्यावर हवे असतील तर बी आधी भिजवा. भिजल्यावर त्याला जो बुळबुळीत चीक सुटतो त्याने ते ओल्या मातीला धरून बसतं.

ठाणेलोकल
वाखुसा (वाचनखूण साठवली). हळीव कागदासकट उचलायची कल्पना झकास.

वैदर्भी_वारा
सगळ्यांच्या उत्साहावर पाणी ओतायचं नाही, पण मनातलं लिहितो. मी अकोल्याचा, आता टोरांटोजवळ. आमच्या गल्लीत किल्ला कोणी करत नसे. आमची दिवाळी म्हणजे पाडव्याला गायीच्या शिंगांना रंग, गळ्यात माळा आणि आजीच्या हातची अनरसे. त्यामुळे किल्ल्याशिवाय दिवाळी अपुरी असं कोणी म्हटलं की मला जरा परकं वाटतं.

मुद्दा असा की आपण मुलांसाठी म्हणून जे करतो त्यातलं बरंचसं आपल्या स्वतःच्या आठवणींसाठी असतं. माझ्या मुलांनी गाय जवळून पाहिली ती इथल्या शेतावरच्या सहलीत. तिला रंगवायचा आग्रह मी धरत नाही. त्यांच्या आठवणी त्यांना त्यांच्या घडवू द्याव्यात. थंडीत चिखलात हात घालायची मुलीची खरंच इच्छा आहे का, हे आधी विचारा.

अजिंक्यतारा
@वैदर्भी_वारा, अहो पण विचारायचं तर त्यांना ते आधी दिसायला नको का? न पाहिलेल्या गोष्टीची इच्छा कशी होणार? आमच्या पोरांनी पहिल्या वर्षी नुसतं पाहिलं, दुसऱ्या वर्षी शेजारचा मेक्सिकन मित्र धरून आणला. आता तोच सप्टेंबरपासून विचारतो, यंदा डोंगर कधी करायचा.

एडिसनची_ऋता
मी एरवी फक्त वाचते, पण इथे लिहावंसं वाटलं. मी त्या मुलांपैकी आहे. न्यू जर्सीत जन्मले, मराठी रविवारच्या शाळेत आणि आजीशी फोनवर बोलून शिकले, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझे बाबा दरवर्षी गराजमध्ये किल्ला करायचे. फार सुंदर. प्लायवुडचा पाट, खाली जाळी, वर प्लास्टर, दरवाजा उघड-बंद होणारा. मंडळाच्या दिवाळीत नेला की लोक फोटो काढायचे. मला त्यात काय काम होतं सांगू? पाणी आणून देणं आणि हात न लावणं. मी मावळा उचलला की बाबा म्हणायचे, ठेव तिथेच, मोडेल. त्यांच्या कामाबद्दल मला आजही आदर आहे, पण तो किल्ला त्यांचा होता.

मग एका वर्षी भारतातून आत्या आली. तिने मला मागच्या अंगणात नेलं, बागेला पाणी द्यायची नळी सोडली आणि म्हणाली, बस चिखलात. आम्ही जे केलं ते ढेकळासारखं दिसत होतं. त्यात गुहा केली, गुहेत माझा प्लास्टिकचा डायनासोर बसवला कारण वाघ नव्हता. नळीचा तुकडा आतून नेऊन आत्याने कारंजं काढलं, आणि ते उडालं तेव्हा मी किंचाळले. आईने खिडकीतून पाहिलं, माझ्या केसांत चिखल होता, ती काही बोलली नाही.

गराजमधल्या किल्ल्यांचे सगळे फोटो घरी आहेत. या ढेकळाचा एकही नाही. मला दारं-खिडक्यांसकट आठवतो तो हाच. म्हणून @पर्वतीपायथा काका, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर : तिला करू द्या, तुम्ही पाणी आणा.

मृण्मयी_ल
ऋता, शुद्धलेखनाची काळजी सोड गं. किती छान लिहिलंयस.

फोंडेकार
मी गोव्याचा, राहतो स्विंडनला. इथे आम्ही गोंयकार इतके की बाजारात कोकणी ऐकल्याशिवाय दिवस जात नाही. आमच्याकडे किल्ला नव्हे, नरकासुर. बांबूचा सांगाडा, आत पेंढा, वर कागद, मोठं पोट, लाल डोळे. वाड्यावाड्यांची चढाओढ. रात्रभर मिरवायचा आणि नरकचतुर्दशीला पहाटे जाळायचा. मग आंघोळ, तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि पोह्यांवर तुटून पडायचं. दह्यातले, रसातले, बटाट्याचे, गूळ-खोबऱ्याचे.

इथे ५ नोव्हेंबरला गाय फॉक्सची होळी असते. पूर्वी पोरं त्याचा बुजगावणा करून जाळायची. शेजारच्या आजोबांना आमच्या नरकासुराचा फोटो दाखवला तर त्यांना काही समजावून सांगावंच लागलं नाही. स्वतःच्या लहानपणीचा बुजगावणा कोणत्या जुन्या पाटलोणीतून केला होता ते सांगत बसले.

फटाक्यांचंही सांगतो. इंग्लंडमध्ये ते १५ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर दुकानांत मिळतात. एरवी रात्री ११ नंतर बंदी, पण दिवाळीच्या रात्री १ वाजेपर्यंत परवानगी आहे.

पर्वतीपायथा
नशीबवान आहात. जर्मनीत फटाके वर्षअखेरच्या शेवटच्या तीन कामाच्या दिवसांतच विकतात, आणि उडवायचेही ३१ डिसेंबर-१ जानेवारीलाच. दिवाळीत आमच्याकडे फुलबाज्याच.

नदीकाठ
मेलबर्नहून. आमचं सगळं उलटं. दिवाळी वसंतात, घड्याळ पुढे, नोव्हेंबरात सूर्य आठच्या सुमारास मावळतो. पणत्या लावायला मुलं पेंगुळलेली असतात. खाजगी फटाके व्हिक्टोरियात बेकायदेशीर. पण किल्ल्याला हवा सोन्यासारखी! हळीव बाहेरच तरारून येतात.

भारतातून चित्रं आणणाऱ्यांसाठी : सासूबाईंनी पेठेतून प्रेमाने मावळे आणले, पेंढ्यात नीट भरलेले. विमानतळावर पेंढा काढून घेतला. माती, बी, गवत यांतलं काहीही इथे चालत नाही, जाहीर न करता आणलं तर भुर्दंड मोठा. त्यांनी सगळं जाहीर केलं होतं म्हणून भाजलेली, रंगवलेली चित्रं तेवढी हातात मिळाली. सासूबाई पुढचा सगळा प्रवास बारा मावळे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तेव्हा चित्रं वर्तमानपत्रात नाहीतर सॉक्समध्ये गुंडाळा, बुडाला माती लागलेली असेल तर धुऊन घ्या.

कावेरीकाठ
मी तंजावरकडच्या मराठी घरातली. १६७५ च्या सुमाराला व्यंकोजीराजांबरोबर आणि त्यांच्या मागून जी कुटुंबं दक्षिणेत आली त्यांतलं आमचं. घरची बोली वेगळी, ही मराठी वाचून-वाचून कमावलेली.

आमच्या घरी किल्ला नसतो, नवरात्रात कोलू असतो : पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या. पण गंमत बघा, सगळ्यात खालच्या पायरीसमोर आम्ही मुलं मातीचं गाव करायचो. मोहरी पेरून शेत, आरशाच्या तुकड्याचं तळं, आगगाडी. मोठ्यांच्या बाहुल्यांना हात लावायचा नाही, हे गाव मात्र पूर्ण आमचं. ऋताने लिहिलंय तेच.

सिंगापूरला आता आम्ही ते गाव घरातच करतो. सार्वजनिक व्हरांड्यात जाण्यायेण्याची वाट अडवता येत नाही. आणि खंदकात पाणी साठवणार असाल तर रोज ओता. इथे डासांची तपासणी कडक असते आणि साचलेल्या पाण्यात अळी सापडली की दंड होतो.

वैदर्भी_वारा
ऋता आणि कावेरीकाठ, तुमचं वाचून माझा विरोध कशाला होता ते मला नीट मांडता येतंय. किल्ल्याला नाहीच. मुलांना प्रेक्षक करून ठेवण्याला आहे. मंडळाच्या स्पर्धेत मी पाहिलंय, बाप रात्री दोनपर्यंत थर्मोकोल कापतोय आणि बक्षीस घ्यायला मुलाला पुढे करतोय. त्याला माझा विरोध कायम.

कुंभारगल्ली
विरोध मान्य, पण मुलांना सोडून दिलं म्हणजे ढेकूळच झालं पाहिजे असंही नाही. आम्ही कोल्हापूरकडचे, आता शारजात. थोरली पोरं आम्हाला शिकवायची, त्यातून हात तयार झाला. इथे थोरली पोरं आपणच. एखादी गोष्ट दाखवावी आणि बाजूला व्हावं.

उदाहरणार्थ दरवाजा. पोरं सरळ भिंतीत भोक पाडतात. त्यांना रायगडाचा महादरवाजा सांगा. शत्रूला समोरून दारच दिसत नाही, दोन बुरुजांच्या आड ते लपलेलं असतं. दोन्ही मुठी ओल्या मातीत अशा दाबायला लावा की एक मूठ दुसरीला अर्धी झाकेल, आणि मधून बोट वळवून न्या. झाली गोमुखी वाट. मग विचारा, हत्ती पळत येऊन दाराला धडक देईल का? मुलं स्वतः बोट फिरवून बघतात आणि सांगतात, वळताना त्याला जागाच नाही. पुढे कधी रायगडावर नेलंत तर ती वाट त्यांना आधीच ठाऊक असेल.

मातीबद्दल : आमच्याकडे वाळवंटी रेती, जी काही केल्या धरत नाही. कुंभारकामाची माती गोणीतून विकत आणतो आणि रेती आतल्या भरावाला वापरतो.

पर्वतीपायथा
मुठींची युक्ती लेकीला जेवणाच्या टेबलावर कणकेत करून दाखवली. तिने लगेच विचारलं, मग आतल्या माणसांना बाहेर यायला उशीर नाही का होणार?

प्रश्न उरला कुठला किल्ला करायचा. मला राजगड करायचाय. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या आणि मधोमध बालेकिल्ला. संजीवनीची दुहेरी तटबंदी तर डोक्यात तयार आहे. पण तिने इथल्या डोंगरावरचे होहेननॉयफेन आणि लिश्टेनश्टाइन पाहिलेत. लिश्टेनश्टाइनला दरीवर पूल आहे, तो तिला हवाय.

ठाणेलोकल
राजगडाला लिश्टेनश्टाइनचा पूल? नको हो. निदान महाराजांच्या किल्ल्याला तरी हात लावू नका.

एडिसनची_ऋता
माझा डायनासोर आठवा. पूल घालू द्या!

अजिंक्यतारा
मधला मार्ग : २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. सगळ्यांचे फोटो तिच्यापुढे मांडा, तिला निवडू द्या. निवडला की मग त्याचीच गोष्ट, त्याचाच नकाशा. कारागिरी तिची, इतिहास मात्र खरा.

कावेरीकाठ
जिंजी निवडला तर मला सांगा. राजाराम महाराज १६८९ मध्ये तिथे पोचले आणि स्वराज्याचा कारभार तिथून चालला. तीन डोंगर आणि त्यांना जोडणारा तट, अंगण मोठं लागेल.

नदीकाठ
मूळ प्रश्न बाजूला पडला. श्टुटगार्टला माती कुठून आणायची?

मृण्मयी_ल
चिचुंद्रीसारखा एक प्राणी इथे कुरणात जमिनीखालून बोगदे काढतो, मोल. तो जी ढेकळं वर टाकतो ती माती अप्रतिम असते. खडे नाहीत, मुळं नाहीत, चाळायचीही गरज नाही. आमच्याकडे बागकाम करणारे ती मुद्दाम गोळा करतात. जर्मनीतही कुरणांत असे ढीग असणार.

पर्वतीपायथा
अहो, घरामागच्या कुरणात ओळीने ढीग आहेत! इथे त्या प्राण्याला कायद्याचं संरक्षण आहे, त्याला पकडायचं किंवा मारायचं नाही, पण वर आलेली माती घ्यायला कोणाची हरकत नसते. कुरणाच्या मालकीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या न्या हव्या तितक्या बादल्या. शनिवारी आम्ही दोघं ढकलगाडी घेऊन गेलो. मूठ आवळली, गोळा झाला, बोटांचे ठसे उठले. हीच माती! तरटाच्या जागी बटाट्याचं जुनं पोतं मिळालंय. ताटात हळीव १ नोव्हेंबरला पेरणार.

आणि निवड झाली. राजगड नाही. तिने १२ फोटो जमिनीवर मांडले, बराच वेळ बघितले आणि खांदेरी उचलला, कारण भोवती पाणी आहे. आता समुद्र कसा करू ते सांगा. ऐन दिवाळीत गोठला तर?

कुंभारगल्ली
गोठला तर पोरं खूशच होतील, पण बुरूज फुटतील. पाणी मातीला टेकू देऊ नका. बाळाचा जुना टब घ्या, मध्ये पालथी पाटी ठेवून त्यावर बेट रचा, पाणी पाटीच्या माथ्याच्या खालीच ठेवा आणि रात्री काढून टाका. खांदेरीला दोन टेकड्या आहेत, एक उंच, एक ठेंगणी, मध्ये सखल भाग. तट पाण्याच्या कडेने फिरवा.

आणि गोष्ट सांगायला विसरू नका. १६७९ मध्ये महाराजांनी हे बेट बांधायला घेतलं तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी गलबतं आणून वेढा घातला. महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी बेटावर पाय रोवून होते. थळच्या किनाऱ्यावरून आपल्या छोट्या उथळ होड्या रात्रीच्या अंधारात मोठ्या गलबतांना चुकवून सामान पोचवत राहिल्या आणि बांधकाम थांबलं नाही. तेव्हा एका काठाला थळ करा, तिथून होड्या सोडा. अक्रोडाच्या कवचाच्या छान होतात.

वैदर्भी_वारा
हे मात्र मी माझ्या मुलांना वाचून दाखवलं. धाकटा विचारतोय, गलबताला चुकवायचं म्हणजे नेमकं कसं. टब कुठे मिळेल बघतो.

पर्वतीपायथा
@कुंभारगल्ली, शतशः आभार. अक्रोड फोडायचं काम लगेच सुरू झालं, निम्मे खाऊन झाले. इंग्रजांच्या गलबतांचा प्रश्नही सुटलाय. तिच्या प्लेमोबिलच्या खोक्यात शिडाचं चाचेगिरीचं जहाज आहे, तोफांसकट. त्यावरचा कवटीचा झेंडा मी उतरवायला गेलो तर म्हणाली, बाबा तू पाणी आण.